मोक्ष विकत मिळतो काय? मार्टिन लूथरचें चरित्र

मनुष्याचा उद्धार ईश्वराच्या कृपेनें होतो कीं त्याच्या स्वतःच्या प्रयत्नानें होतो, हा प्रश्न कोणत्याहि एका धर्माची मिरास नाहीं. आपल्या दक्षिणेंत रामानुजाचार्यांच्या अनुयायांत ह्याच प्रश्नावरून दोन पंथ पडले. एक पंथ म्हणतो, माकडिणीचें पिलूं जसें आपल्या हातांनीं आईच्या पोटाला घट्ट धरून राहतें, तसें जीवानें ईश्वराला धरलें पाहिजे; दुसरा म्हणतो, मांजरीचें पिलूं कांहींच करीत नाहीं, आईच त्याला तोंडांत धरून सुरक्षित जागीं नेते, तशीच जीवाची गति आहे. पहिल्यास मर्कटन्याय व दुसऱ्यास मार्जारन्याय असें नांव आहे. ख्रिस्ती धर्मांत हाच वाद दीड हजार वर्षांहून अधिक काळ चालला असून, त्यापायीं राज्यें हादरलीं, गांवें जळलीं, व पश्चिम युरोपाचे धर्मदृष्ट्या दोन तुकडे झाले. त्या वादाच्या मध्यभागीं उभा राहिलेला पुरुष म्हणजे जर्मनींतील मार्टिन लूथर. त्याचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांत देवाच्या दयेची जशी हकीकत आहे, तशी पेढ्यांची, कर्जाची व वसुलाचीहि आहे. यास्तव आमच्या व्यापारी वाचकांस तें परकें वाटूं नये.

पूर्वपीठिका थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. ख्रिस्ती लोक ज्यास तारण म्हणतात, तें म्हणजे पापापासून व त्याच्या फळापासून सुटका होऊन ईश्वराशीं समेट होणें. इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या आरंभीं पेलागियस नांवाच्या, ब्रिटनकडून आलेल्या एका विरक्तानें असें प्रतिपादन केलें कीं, देवानें आज्ञा दिल्या त्या अर्थीं त्या पाळण्याचें सामर्थ्यहि मनुष्यास दिलेंच आहे. मनुष्यानें मनावर घ्यावें म्हणजे झालें. उत्तर आफ्रिकेंतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन यानें ह्यास कसून विरोध केला. त्याचें म्हणणें असें कीं, मनुष्याची इच्छाच मुळीं रोगट झालेली आहे. ती कृपेनें बरी झाल्यावांचून तिच्या हातून खरें सत्कृत्य घडत नाहीं. इ. स. ४१८ मध्यें कार्थेज येथील धर्मसभेनें पेलागियसच्या मताचा निषेध केला. पण सिद्धान्त एक व वहिवाट दुसरी, हा अनुभव सर्वत्र आहे. पुढील हजार वर्षांत उपासतापास, यात्रा, नवस, संतांच्या अवशेषांचें दर्शन, मठांस देणग्या यांचा एवढा पसारा वाढला कीं, तारण म्हणजे एक दीर्घ मुदतीचें कर्ज असून त्याचे हप्ते आपणच फेडावयाचे आहेत, असें सामान्य मनुष्यास वाटूं लागलें.

लूथरचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ रोजीं आइस्लेबेन गांवीं झाला. बाप हान्स हा शेतकऱ्याच्या कुळांतला; पण तो तांब्याच्या खाणींच्या धंद्यांत शिरला व मेहनतीनें तांबें गाळण्याच्या भट्ट्या चालविण्यापर्यंत चढला. मुलानें कायदा शिकून घराण्याचें नांव काढावें अशी त्याची इच्छा होती. मार्टिननें एर्फुर्ट येथील विद्यापीठांत १५०५ च्या आरंभीं एम. ए. ची पदवी मिळविली व कायद्याचा अभ्यास सुरू केला. त्याच वर्षीं २ जुलै रोजीं घराकडून परत येत असतां वाटेंत श्टोटर्नहाइम गांवाजवळ त्यास वादळानें गांठलें. जवळच वीज पडली. मरणाच्या भयानें त्यानें संत अ‍ॅन हिचा धांवा केला व वांचल्यास मठांत जाण्याचा नवस बोलला. पंधरा दिवसांनीं त्यानें तो फेडला व एर्फुर्टच्या ऑगस्टिनी मठांत प्रवेश केला. मुलाच्या शिक्षणावर पैसा खर्चून बसलेल्या बापास ह्याचा अतिशय संताप आला.

मठांत लूथरनें जें केलें तें अर्धवट केलें नाहीं. उपवास, जागरणें, थंडी सोसणें, नित्याच्या प्रार्थना, हे सर्व नियम त्यानें इतक्या कडकपणें पाळले कीं, त्यायोगें आपली प्रकृति कायमची बिघडली असें तो पुढें सांगत असे. पापनिवेदनास बसला म्हणजे तासचे तास तो बारीकसारीक दोष आठवून सांगे. तेथून उठल्यावर एखादा राहिलेला दोष आठवला कीं पुन्हां बेचैन होई. त्याचा वडीलधारा मार्गदर्शक योहान फॉन श्टाउपित्स हा मोठा समंजस पुरुष होता. त्यासहि ह्या शिष्यापुढें हात टेकावे लागले. लूथरची अडचण आमच्या वाचकांस सहज समजेल. ज्या खात्यांत देणें किती हेंच नक्की नाहीं, व सावकार सर्वज्ञ असून एक कवडीहि विसरत नाहीं, तें खातें चुकतें कसें व्हावें? आपण केलेलें प्रायश्चित्त पुरेसें आहे हें कळावयास मार्ग नाहीं. आणि तें देवावरील प्रेमानें केलें कीं नरकाच्या भीतीनें केलें, हीहि शंका उरतेच. भीतीनें जोडलेलें पुण्य हा स्वार्थच नव्हे काय? ह्या विचारानें आपल्या मनांत देवाविषयीं प्रेम उत्पन्न होण्याऐवजीं द्वेष उत्पन्न होऊं लागला, अशी कबुली त्यानें वृद्धपणीं लिहून ठेविली आहे.

श्टाउपित्सनें त्यास अध्यापनाच्या कामीं लाविलें. १५१२ सालीं विटेनबर्ग येथील नव्या विद्यापीठांत तो धर्मशास्त्राचा डॉक्टर झाला व बायबलवर व्याख्यानें देऊं लागला. प्रथम स्तोत्रसंहिता, मग पौलाचें रोमकरांस पत्र, असा त्याचा क्रम होता. ह्या पत्राच्या पहिल्याच अध्यायांत देवाच्या नीतिमत्त्वाचा उल्लेख आहे. देव नीतिमान आहे म्हणजे तो न्यायाधीश होऊन पाप्यास शासन करतो, असा अर्थ लूथर शिकत आला होता, व त्या शब्दानेंच त्यास कांपरें भरत असे. रात्रंदिवस विचार करतां करतां त्यास दुसरा अर्थ दिसला. हें नीतिमत्त्व देव मनुष्यापासून वसूल करीत नाहीं, तर ख्रिस्ताच्या ठायीं मनुष्यास देतो. मनुष्यानें तें विश्वासानें घ्यावयाचें असतें. हा उजेड त्यास कोणत्या वर्षीं पडला याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. कोणी तो १५१५ च्या सुमारास धरतात, तर कोणी १५१८ च्या सुमारास. परंतु त्यामुळें त्याच्या सर्व विचारांचा रोख बदलला, ह्याविषयीं कोणाचेंहि दुमत नाहीं.

मठाच्या कोठडींत हा विचार पिकत असतां बाहेर निराळाच व्यवहार चालला होता. ब्रांडेनबुर्ग राजघराण्यांतील आल्ब्रेख्ट नांवाचा तरुण माग्डेबुर्गचा आर्चबिशप असतांनाच १५१४ सालीं माइन्त्सचाहि आर्चबिशप झाला. एका मनुष्यानें इतक्या गाद्या बळकावणें धर्मकायद्यास सोडून होतें. तेव्हां रोमची परवानगी व नजराणा यांसाठीं त्यास आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांपासून २९,००० गुल्डनांचें कर्ज काढावें लागलें. हें कर्ज फेडावयाचें कसें? तोड अशी निघाली कीं, रोम येथील संत पीटरच्या देवालयाच्या बांधकामासाठीं पोप दहावा लिओ यानें जीं क्षमापत्रें काढलीं होतीं, तीं आल्ब्रेख्टच्या मुलुखांत विकावीं. निम्मा वसूल रोमला जावा, व निम्मा फुगरांच्या पेढीवर कर्जखातीं जमा व्हावा.

क्षमापत्राचें मूळ तत्त्व इतकें भोंगळ नव्हतें, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पापाची क्षमा पश्चात्ताप व पापनिवेदन यांनींच होते; त्यानंतर जें शासन भोगावयाचें उरतें, तेवढ्यापुरती सूट ख्रिस्ताच्या व संतांच्या पुण्यसंचयांतून देण्याचा अधिकार धर्मपीठास आहे, असें शास्त्रकार म्हणत. १४७६ पासून ही सूट मेलेल्या आप्तांच्या नांवेंहि मिळूं लागली. पण बाजारांत असला बारीक शास्त्रार्थ टिकत नाहीं. योहान टेट्सेल नांवाचा डॉमिनिकन पंथाचा वक्ता गांवोगांव थाटानें जाई, पेटी मांडून बसे, आणि मेलेले आईबाप शुद्धिलोकाच्या आगींत तळमळत असल्याचें वर्णन करून श्रोत्यांच्या कमरेच्या कसा सोडवी. राजेरजवाड्यांस २५ गुल्डन, इतरांस ऐपतीप्रमाणें कमी, असा दर ठरलेला होता. निर्धनांनीं पैशाऐवजीं उपास व प्रार्थना केल्या तरी चालेल असेंहि त्या कलमांत होतें. जमा होणाऱ्या पैशावर फुगरांच्या गुमास्त्यांची देखरेख असे. विकणारा धर्मगुरु, शेजारीं सावकाराचा कारकून, व समोर आईबापांच्या काळजीनें व्याकूळ झालेली विधवा किंवा मजूर, हें चित्र वाचकांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावें.

विटेनबर्गच्या हद्दींत येण्यास टेट्सेलला सॅक्सनीचा संस्थानिक फ्रेडरिक यानें मनाई केली होती. ही मनाई केवळ धर्मबुद्धीची नव्हती. खुद्द फ्रेडरिकनें संतांच्या अवशेषांचा प्रचंड संग्रह केला होता, व त्याच्या दर्शनासहि अशीच सूट जोडलेली होती. पण विटेनबर्गचे लोक सरहद्द ओलांडून जात, क्षमापत्र घेऊन येत, आणि तें हातीं आल्यावर वर्तन सुधारण्याची आपणांस काय गरज, अशा समजुतीनें वागत. तेव्हां ३१ ऑक्टोबर १५१७ रोजीं लूथरनें आल्ब्रेख्टला नम्र भाषेंत एक पत्र लिहिलें, व त्यासोबत लॅटिन भाषेंतील ९५ मुद्दे जोडले. तेच मुद्दे त्यानें देवळाच्या दारावर खिळ्यांनीं ठोकले ही गोष्ट सर्वतोमुखीं आहे. ती तशी घडली कीं नाहीं याविषयीं संशोधकांत वाद आहे. मुद्द्यांचा आशय मात्र निर्विवाद आहे. पश्चात्ताप हा आयुष्यभर चालावयाचा असतो, तो एकदां पैसे भरून उरकत नाहीं. ज्यास खरा पश्चात्ताप झाला त्यास कागदावांचूनहि क्षमा आहे. गरिबास मदत करणें हें क्षमापत्र घेण्याहून श्रेष्ठ आहे. आणि शुद्धिलोक रिकामा करण्याची सत्ता पोपजवळ असेल, तर तो दयेपोटीं सर्वांसच कां सोडवीत नाहीं, ह्या सामान्य लोकांच्या प्रश्नास उत्तर देणें कठीण आहे.

हे मुद्दे पंडितांच्या वादासाठीं होते. पण छापखानेवाल्यांनीं ते उचलले व पाहतां पाहतां ते जर्मनीभर पसरले. रोमनें प्रथम समजावून पाहिलें, मग धमकावून पाहिलें. १५१८ सालीं आउग्सबुर्ग येथें कार्डिनल काजेटन यानें लूथरला माघार घेण्यास सांगितलें. १५१९ सालीं लाइप्त्सिग येथें योहान एक ह्या वादपटु पंडितानें, पोप व धर्मसभा यांचीहि चूक होऊं शकते, असें त्याजकडून वदवून घेतलें. १५२० च्या जून महिन्यांत पोपचें निषेधपत्र निघालें. डिसेंबरांत लूथरनें तें विटेनबर्गच्या वेशीबाहेर जाळलें. १५२१ च्या जानेवारींत तो बहिष्कृत झाला. त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत वोर्म्स येथें बादशहा पांचवा चार्ल्स, संस्थानिक व धर्माधिकारी यांच्या भरल्या दरबारांत त्याचीं पुस्तकें समोर मांडण्यांत आलीं, व तीं त्याचींच आहेत काय आणि त्यांतील मतें तो सोडतो काय, असे दोन प्रश्न त्यास विचारण्यांत आले. त्यानें एक दिवसाची मुदत मागितली. बोहेमियाच्या यान हुस यास अशाच सभेपुढें अभयपत्र देऊन बोलाविलें असतांहि १४१५ सालीं जिवंत जाळलें होतें, हें त्या दरबारांत सर्वांस ठाऊक होतें. १८ एप्रिल रोजीं लूथरनें उत्तर दिलें कीं, शास्त्राधारानें किंवा उघड युक्तिवादानें चूक दाखविली गेल्यावांचून आपणांस माघार घेतां येत नाहीं; आपली सदसद्विवेकबुद्धि त्यास मोकळीक देत नाहीं. खाणवाल्याच्या मुलाचें हें उत्तर ऐकून बादशहानें त्यास राज्यांत कोणी थारा देऊं नये असें फर्मान काढलें. फ्रेडरिकच्या माणसांनीं त्यास वाटेंत पळवून नेल्याचें सोंग केलें व वार्टबुर्ग किल्ल्यांत लपवून ठेविलें.

तेथें एकांतांत बसून सुमारें अकरा आठवड्यांत लूथरनें मूळ ग्रीकावरून नव्या कराराचें जर्मन भाषांतर केलें. तें १५२२ च्या सप्टेंबरांत निघालें. पुढें सहकाऱ्यांच्या साह्यानें संपूर्ण बायबल १५३४ सालीं पुरें झालें. बाजारांतला माणूस, घरांतली आई व गल्लींतलीं मुलें कशीं बोलतात तें कान देऊन ऐकावें, व तशी भाषा लिहावी, हा त्याचा नियम होता. न्यायमूर्ति रानडे यांनीं मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील, १९०० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत आपल्या संतांच्या कार्याची तुलना युरोपांतील ह्याच धर्मसुधारणेशीं केली आहे. पंडितांच्या पेटींतील धर्म लोकांच्या भाषेंत आणणें हा त्या तुलनेंतील एक ठळक दुवा आहे. परंतु ह्या भाषांतरांतच वादाचें बीजहि होतें. मनुष्य विश्वासानें नीतिमान ठरतो असें सांगणाऱ्या पौलाच्या वाक्यांत लूथरनें केवळ ह्या अर्थाचा शब्द घातला, तो मूळ ग्रीकांत नाहीं. विश्वासाबरोबर कृति पाहिजेच असें बजावणारें याकोबाचें पत्र त्यास कमी दर्जाचें वाटे. प्रतिपक्षानें ह्या दोन गोष्टींवर नेमकें बोट ठेविलें, व तें अगदींच गैर होतें असें आम्हांस म्हणवत नाहीं.

मग लूथरला सत्कृत्यें नकोच होतीं काय? तसें मुळींच नाहीं. १५२० सालीं त्यानें ख्रिस्ती मनुष्याच्या स्वातंत्र्यावर एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्यांत त्याचा सर्व सिद्धान्त सांठविला आहे. त्याचा मथितार्थ असा: झाडाला फळें लागतात म्हणून तें चांगलें झाड होत नाहीं; झाड चांगलें असतें म्हणून त्यास चांगलीं फळें येतात. देवानें आपणांस पदरांत घेतलें आहे अशी ज्याची खात्री झाली, त्यास पुण्य सांठविण्याची धडपड उरत नाहीं. तो कोणाचा दास राहत नाहीं. आणि म्हणूनच तो शेजाऱ्याचा आपखुषीनें दास होऊं शकतो. जो स्वतःच्या उद्धारासाठीं दान करतो, तो भिकाऱ्याच्या हातांत पैसा टाकतांना आपल्याच खात्यावर जमा धरीत असतो. ज्यास स्वतःसाठीं कांहीं मिळवावयाचें नाहीं, त्याचें दान तेवढें खरें भिकाऱ्यास पोंचतें. हा विचार आम्हांस लूथरच्या शिकवणींतील सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

ह्या सिद्धान्तावर सर्वांत सुसंस्कृत हल्ला आला तो रॉटरडॅमच्या इरॅस्मसकडून. त्यानेंच १५१६ सालीं छापून प्रसिद्ध केलेल्या ग्रीक नव्या कराराचा लूथरला उपयोग झाला होता, व धर्माधिकाऱ्यांच्या अनाचारावर त्यानेंहि लेखणी चालविली होती. १५२४ सालीं त्यानें इच्छास्वातंत्र्यावर पुस्तक लिहून विचारलें कीं, मनुष्यास कांहींच करतां येत नसेल, तर देवाच्या आज्ञा व दंड यांस अर्थ काय? त्यानें दृष्टांत दिला तो असा: चालतां न येणाऱ्या मुलास बाप सफरचंद दाखवितो, पडल्यास उचलतो, हात धरून नेतो, व शेवटीं फळ त्याच्या हातांत देतो, मुलाचा प्रयत्न अगदीं अल्प, पण तो अगदींच नाहीं असें नाहीं. लूथरनें १५२५ च्या डिसेंबरांत उत्तर दिलें. फुटकळ बाबी सोडून वादाच्या मुळाशींच हात घातल्याबद्दल त्यानें इरॅस्मसची तारीफ केली, आणि मग त्याचें म्हणणें निष्ठुरपणें खोडून काढलें. मनुष्याची इच्छा हें ओझ्याचें जनावर आहे. त्यावर देव बसला तर तें देवाच्या वाटेनें जातें, सैतान बसला तर सैतानाच्या. स्वार निवडणें त्याच्या हातीं नाहीं, असा त्याचा दृष्टांत होता. वाचकांस येथें माकडिणीच्या व मांजरीच्या पिलांचें स्मरण होईल. इरॅस्मसला मनुष्याची जबाबदारी बुडण्याची धास्ती होती. लूथरला मनुष्याची खात्री बुडण्याची धास्ती होती, कारण तारणाचा एक लहानसा अंश जरी आपल्यावर सोंपविला, तरी तो आपण पुरा केला कीं नाहीं ह्या चिंतेनें मठांतील ती कोठडी पुन्हां उभी राहते, हें तो अनुभवानें जाणत होता.

आतां ह्या चरित्रांतील काळ्या बाजूकडे वळणें प्राप्त आहे. १५२४ व १५२५ ह्या सालीं जर्मनींतील कुळें वेठबिगार, वाढीव खंड व जंगलबंदी यांविरुद्ध उठलीं. ख्रिस्तानें सर्वांस मोल देऊन सोडविलें आहे, मग आम्ही जमीनदारांचे गुलाम कां, असा प्रश्न त्यांनीं आपल्या बारा कलमांत धर्मग्रंथाच्या आधारें केला. लूथरनें प्रथम जमीनदारांस कडक शब्दांत दोष दिला व दोन्ही पक्षांस शांततेचा उपदेश केला. पण दंगे वाढतांच त्याची लेखणी फिरली. बंडखोरांस ठार मारणें हें पुण्यकृत्य असल्यासारखें त्यानें लिहिलें, व तें पत्रक कुळांची कत्तल चालू असतांनाच लोकांच्या हातीं पडलें. त्या युद्धांत सत्तर हजार ते एक लाख माणसें मेलीं असा अंदाज आहे. आत्म्याचें स्वातंत्र्य शिकविणारा मनुष्य देहाच्या दास्याविषयीं इतका कठोर झाला, हें जर्मनींतील गरीब लोक पुष्कळ काळपर्यंत विसरले नाहींत.

त्याच वर्षीं जून महिन्यांत लूथरनें काटारीना फॉन बोरा ह्या मठ सोडून आलेल्या स्त्रीशीं विवाह केला. ती मोठी कर्ती बाई होती. जुन्या मठाच्या इमारतींत शेतीवाडी, गुरेंढोरें, बिअर गाळणें व विद्यार्थ्यांची खाणावळ हा सर्व संसार तिनेंच चालविला. त्यांस सहा मुलें झालीं. त्यांपैकीं एक कन्या तान्हेपणीं व दुसरी, माग्डालेना, तेराव्या वर्षीं वारली, तेव्हां कृपेवर हजारों पानें लिहिलेला हा पुरुष बिछान्याशेजारीं गुडघे टेकून रडला. लोकोपयोगी कामांतहि तो मागें नव्हता. १५२३ सालीं लाइस्निग गांवानें गरिबांसाठीं सार्वजनिक पेटी काढली, तिच्या नियमांस त्यानें प्रस्तावना लिहिली. १५२४ सालीं त्यानें शहरोशहरच्या पंचांस मुलांबरोबर मुलींसाठींहि शाळा काढण्याची विनंति केली. त्याच साली व्यापार व व्याजबट्टा यांवर लिहितांना, मिळेल तितकी किंमत घ्यावी हें सूत्र शेजारधर्माच्या उलट आहे, असें त्यानें सांगितलें, व सांठेबाजी करणाऱ्या मोठ्या मंडळ्यांचे तर वाभाडे काढले. ज्या पेढ्यांनीं मोक्षाच्या विक्रींत भाग घेतला, त्याच मिरी व धातु यांच्या भावांतहि हात घालीत, हें तो पाहत होता.

तथापि फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत लोकांस राहत नाहीं, हा अनुभव त्यासहि आला. १५२८ सालीं सॅक्सनींतील खेडोपाडीं तपासणीस गेला असतां त्यास असें दिसलें कीं, लोकांनीं उपास व पापनिवेदन सोडून दिलें, पण त्याच्या जागीं नवें कांहींच आलें नाहीं; कित्येक पाद्र्यांस साध्या प्रार्थनाहि येत नव्हत्या. हताश न होतां त्यानें १५२९ सालीं मुलांसाठीं व पाद्र्यांसाठीं दोन प्रश्नोत्तरपुस्तकें लिहिलीं, व त्यांचा आरंभ दहा आज्ञांनीं केला. पुढें योहान आग्रिकोला ह्या त्याच्याच जुन्या शिष्यानें, कृपा आहे तर नीतिनियमांचा उपदेश कशाला, असा वाद काढला, तेव्हां लूथरनें त्याचा कडकडून निषेध केला. आपल्या वाक्याचा असा अर्थ निघूं शकतो हें पाहून तो जितका चिडला, तितका पोपवरहि क्वचितच चिडला असेल.

वृद्धपणीं त्याच्या हातून आणखी एक घोर कृत्य घडलें. १५२३ सालीं यहुदी लोकांशीं सौजन्यानें वागावें असें लिहिणाऱ्या ह्याच लूथरनें १५४३ सालीं त्यांचीं प्रार्थनामंदिरें जाळावीं, घरें पाडावीं व ग्रंथ हिरावून घ्यावे, असें लिहिलें. विसाव्या शतकांत जर्मनींतील नाझी पक्षानें ह्या लिखाणाचा आपल्या कामीं उपयोग करून घेतला. त्या शतकाच्या अखेरीस लूथरपंथी मंडळ्यांनींच तें लिखाण जाहीरपणें धिक्कारलें, हें योग्यच झालें. १८ फेब्रुवारी १५४६ रोजीं, दोघां सरदार बंधूंचा तंटा तोडावयास गेला असतां, जन्मगांवीं आइस्लेबेन येथेंच लूथर वारला. त्याच्या शेवटच्या टिपणांत, आपण सर्व भिकारीच आहों, अशा अर्थाचें एक लहान वाक्य सांपडलें.

त्याच्या मृत्यूनंतर अकरा महिन्यांनीं, जानेवारी १५४७ मध्यें, ट्रेंट येथील रोमन धर्मसभेनें आपला निर्णय प्रसिद्ध केला. कृपेवांचून स्वतःच्या कर्मानें कोणी तरत नाहीं, असें तिनेंहि स्पष्ट सांगितलें. मात्र कृपेस मनुष्याची इच्छा होकार देते व तिच्याशीं सहकार्य करते, म्हणून केवळ विश्वास पुरे हें मत चुकीचें आहे, असें तिनें ठरविलें. १५६७ सालीं पोप पांचवा पायस यानें पैशावर दिल्या जाणाऱ्या सर्व क्षमापत्रांच्या सवलती रद्द केल्या. म्हणजे टेट्सेलची पेटी रोमनेंच शेवटीं बंद केली. प्रॉटेस्टंट लोकांतहि वाद मिटला नाहीं. २४ मे १७३८ रोजीं लंडनमध्यें लूथरची रोमकरांस पत्रावरील प्रस्तावना वाचली जात असतां ती ऐकून जॉन वेस्ली याच्या मनास तारणाची खात्री पटली. पण कृपा नाकारणें मनुष्याच्या हातीं आहे, व ती मिळाल्यावर पवित्र आचरणाचा यत्न अवश्य आहे, असेंच तो जन्मभर शिकवीत राहिला. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजीं लूथरपंथी जागतिक संघ व रोमन कॅथलिक धर्मपीठ यांनीं एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या पुण्याईमुळें नव्हे, तर कृपेनेंच देव मनुष्याचा स्वीकार करतो, व तीच कृपा त्यास सत्कृत्यांसाठीं समर्थ करते, ह्यावर दोघांचें एकमत झालें. उरलेले मतभेद एकमेकांस बहिष्कृत करण्याइतके मोठे नाहींत असेंहि ठरलें. हा समेट आउग्सबुर्ग शहरांत झाला. फुगरांची पेढी होती ती तेथेंच, व काजेटननें लूथरला दटाविलें तेंहि तेथेंच.

ख्रिस्ती धर्मशास्त्रांतील ह्या वादाचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाहीं व तशी इच्छाहि नाहीं. परंतु ह्या चरित्रांतून जें आम्हांस दिसतें, तें कोणत्याहि धर्माच्या वाचकानें मनांत घ्यावें इतकें महत्त्वाचें आहे. धर्माच्या दारांत दरपत्रक लागलें कीं, त्याचा बोजा प्रथम गरिबावर पडतो, कारण श्रीमंतास तो एक खर्च वाटतो व गरिबास तें आईबापांचें ऋण वाटतें. भीति हेंच ज्या व्यवहाराचें भांडवल आहे, तो व्यवहार पुजाऱ्यास दुकानदार करतो व भक्तास गिऱ्हाईक करतो. लूथरनें तें दुकान उघडें पाडलें, हा त्याचा उपकार केवळ ख्रिस्ती लोकांवरच आहे असें नाहीं.

त्याचबरोबर त्याच्या चुकांनींहि शिकवावें. दया फुकट मिळते, असें ज्यानें सर्व युरोपास ओरडून सांगितलें, त्याच्याजवळ रंजलेल्या कुळांसाठीं व परधर्मीय शेजाऱ्यांसाठीं ती उरली नाहीं. त्याच्याच मापानें मोजलें, तर झाडाची ओळख फळांवरून व्हावयास पाहिजे, आणि हीं फळें कडू होतीं. कृपेचा पक्ष घेणाऱ्यानें किंवा प्रयत्नाचा पक्ष घेणाऱ्यानें, दोघांनींहि आपली परीक्षा शेवटीं एकाच ठिकाणीं द्यावयाची आहे: आपल्या पेढीवरील नोकर, आपल्या शेतावरील कूळ, व आपल्या आळींतील भिन्न धर्माचा शेजारी, यांस आपल्या धर्मापासून काय मिळालें? देवाकडून आपणांस दान मिळालें असें ज्यास वाटतें, त्यानें तें पुढें देतांना हात आंखडूं नये. आणि सर्व कांहीं आपण मिळविलें असें ज्यास वाटतें, त्यानें आपल्या जमाखर्चांत आईच्या दुधाची, शिक्षकाच्या श्रमांची व पावसाच्या पाण्याची रक्कम कोणत्या खातीं मांडली आहे, तें एकदां पाहावें.